वाकण

सतरा बायका नळकोंडाळ्यावरून पाणी घेऊन निघाल्या, आणि सतराच्या सतरा एकाच जागी वाकल्या.

मी ओसरीच्या जाळीआडून बघत होते. चैत्रातली दुपार, बाराचा सुमार. नव्या आसळवाडीत नळाला याच वेळी पाणी यायचं. नळकोंडाळ्याकडून गावात जाणारा रस्ता आमच्या क्वार्टरच्या फाटकासमोर एक वळसा घ्यायचा. तिथं झाड नव्हतं, दगड नव्हता, ओढा नव्हता. सपाट माळ. तरी रस्ता कुणाला तरी जागा दिल्यासारखा उजवीकडे सरकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. गावातले लोक त्या जागेला वाकण म्हणायचे. वाकण म्हणजे वळण, एवढं मला कळत होतं.

बायकांच्या डोक्यावर हंडे, उजवा हात हंड्याच्या काठाला. दुसऱ्या कुठल्याही गावात बाई डोक्यावर हंडा घेते तशी कमरेवर कळशीही घेते. इथं एकीच्याही कमरेवर कळशी नव्हती. डावी कंबर मोकळी, डावा हात मोकळा. वाकणाशी आल्या की त्या गुडघ्यांतून खाली व्हायच्या. हंडा तसूभर हलायचा नाही. डावा हात उघडा होऊन मांडीशेजारून खाली जायचा, क्षणभर थांबायचा, मग कमरेशी दुमडला जायचा, आणि त्या उठून चालू लागायच्या. बोलणं चालू असलं तर बोलणंही थांबायचं नाही. एकजण सुनेच्या नावानं बोटं मोडत होती. 'मेलीला' म्हणताना खाली गेली आणि 'भाकरी थापता येत न्हाई' म्हणताना वर आली.

आम्हाला तिथं येऊन तीन आठवडे झाले होते. माझे यजमान, प्रभाकर, बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर होते. मी पुण्याची, बी.ए. झालेली, अडीच वर्षांच्या मुलीची आई. जुई साडेसात महिन्यांचीच जन्मली होती. पहिलं वर्षभर मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजत बसायची. पुढे श्वास मोजायची गरज राहिली नाही, पण मोजायची सवय राहिली. जिन्याच्या पायऱ्या, फाटकाचे गज, रस्त्यावरून गेलेली कुत्री. म्हणून बायका मोजल्या.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांत पुढे असायची ती हौसाक्का. पन्नाशीची, उंच, कपाळावर हिरवं गोंदण.

"हौसाक्का, तुम्ही इथं वाकता कशाला?"

"कुठं?"

"इथं. आत्ताच वाकलात."

तिनं फक्त डोळे माझ्याकडे फिरवले. डोक्यावर भरला हंडा असला की मान वळत नाही, खालीही बघता येत नाही. "म्या? म्या कशाला वाकू, बाईसाब? हंडा पडंल की."

मागच्या बायका हसल्या. "बाईसाबांस्नी ऊन लागलंया," एक म्हणाली. "कांदा ठिवा म्हनावं जवळ."

आणि असं म्हणणारीही त्याच जागी वाकून गेली.

जुईनं ते माझ्याआधीच पाहिलं असावं. त्याच आठवड्यात एका दुपारी मी भात उतरवून बाहेर आले तर फाटक उघडं. जुई वाकणात उभी. रस्त्याच्या डाव्या कडेला, बायकांचा हात जिथं खाली जायचा नेमकी तिथं. शेवटची बाई केव्हाच निघून गेली होती. रस्ता रिकामा, ऊन पांढरं. जुईनं दोन्ही हात वर धरले होते, कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून मुलं धरतात तसे, आणि ती अजिबात हलत नव्हती.

मी धावत जाऊन तिला उचललं. ती लाकडासारखी ताठ झाली.

"तू नाही," म्हणाली.

"मग कोण?"

ती रडायला लागली. ओसरीवर आणून पाणी पाजल्यावर हुंदका आवरत म्हणाली, "सगळ्यांना नेलं. मला नाही नेलं."

"कुणाला नेलं, बाळा? तिथं कोण होतं?"

"सगळे."

ती अनवाणी होती. माळ तव्यासारखा तापलेला, म्हणून मी तिचे तळवे उलटून पाहिले. लाल झालेले नव्हते. गार होते.

त्या दिवसापासून मी फाटक तारेनं बांधू लागले. मग ती फाटकाच्या आत उभी राहायची, गजांना नाक लावून, हात वर करून. बरोबर बारा वाजता. तिला घड्याळ कळत नव्हतं.

प्रभाकरना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगणार काय? बायका वाकतात, मुलगी हात वर करते. ते म्हणाले असते, वसू, माहेरी जाऊन ये. मी दुसराच धागा धरला.

"अहो, समोरचं ते वळण काढून टाका ना."

"का गं?"

"एस.टी. किती कडेनं घासत जाते. एखाद दिवशी आपल्या फाटकातच शिरेल."

"प्रस्ताव आहेच पडून. रस्ता सरळ केला तर तुझ्या फाटकाच्या आणखी जवळून जाईल, कळतंय का? वाकणाच्या पोटातून."

"जाऊ दे. पण सरळ जाईल."

"तुला केव्हापासून रस्त्यांत गोडी?" ते हसले. पण फाईल वर काढली. माझ्या मनातलं गणित साधं होतं. त्या कडेवर एकदा खडी पडली, डांबर पडलं, वरून एस.टी. जायला लागली की तिथं कोण वाकणार? आणि माझी मुलगी तिथं कशाला उभी राहणार?

वैशाखात मंजुरी आली. प्रभाकर कागदपत्रांसाठी दोन दिवस जिल्ह्याला गेले, आणि ते नसतानाच एका सकाळी फाटकाशी एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. ठेंगणी, सत्तरीच्या आसपासची, खादीची पाचवारी साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. पांढरे केस मानेवर कापलेले.

"आगाशे इथंच राहतात ना? मी नलिनी तेलंग. हे गाव मी आखलं."

नाव मला माहीत होतं. प्रभाकरच्या कचेरीत एक फोटो होता, हॅटवाल्या पुरुषांची रांग आणि मधे एकच साडी. खात्यात नगररचनाकार म्हणून आलेली पहिली बाई. धरणात बुडणाऱ्या गावांसाठी तिनं नवी गावं आखली होती. कचेरीत तिच्या हुशारीबद्दल कमी आणि हट्टाबद्दल जास्त बोलायचे.

मी तिला ओसरीवर बसवलं. तिनं बसल्या बसल्या भिंतीवर हात फिरवला, खिडकी उघडून मिटून पाहिली. "बिजागरी बदलली तुम्ही. बरं केलंत. आमच्या वेळची वाईटच होती."

"तुम्हाला त्रास झाला असेल ना तेव्हा?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "बाईमाणूस म्हणून?"

"साइटवर गेले की मुकादम विचारायचे, साहेब कधी येणार? मी म्हणायची, आलाय. ते माझ्या मागं बघायचे." ती हसली नाही. समोर बोट दाखवून म्हणाली, "मला एक सांगा. त्या कट्ट्यावर कोणी बसतं?"

वाकणाच्या पलीकडे, बायकांच्या उजव्या हाताला, एक सिमेंटचा बुटका कट्टा होता. मी तो कधी नीट पाहिलाही नव्हता.

"कुत्री बसतात."

"बायका?"

"नाही."

"मुलं?"

"मी तरी पाहिली नाहीत."

तिनं वहीत लिहून घेतलं. "बावीस गावं आखली मी. माणसं शिव्या देतात, पण वापरतात. हा एक कट्टा फसला. अठरा वर्षांत कुणी बूड टेकलं नाही. का, ते मला मरायच्या आत कळायला हवं. आणि आता तुम्ही लोक रस्ताच सरळ करायला निघालात."

माझी नजर वाकणाकडे गेली.

"हा रस्ता मी काढलेला नाही," ती म्हणाली. "मी सरळच काढून आणला होता, कागदावर. मग म्हटलं, आखणीआधी बायकांना चालवून बघू. गाव हलायच्या आधीची गोष्ट. इथं नुसता माळ होता. एकोणीस जणींना बोलावलं, भरले हंडे दिले. भरलेच, कारण रिकाम्या हंड्यानं बाई खोटं चालते. म्हटलं, पाणी घेऊन घरी निघालात असं चाला. आणि त्यांच्या पावलांवर चुन्याची फक्की टाकत गेले. मोकळा माळ, अडवायला काही नाही, आणि एकोणीसही जणी इथं आल्यावर बाजूला सरकल्या. कशाला तरी वळसा घातला. आणि मग..."

"चहा ठेवते," म्हणून मी उठले. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. स्टोव्हला गरजेपेक्षा जास्त पंप मारला. म्हणजे ते आधीपासूनचं होतं. गाव नव्हतं, तेव्हापासूनचं.

चहा घेऊन बाहेर आले तर ती ओसरीवर नव्हती. उन्हात, कट्ट्याशी बसून टेपनं मापं घेत होती. जुई गजांना धरून तिच्याकडे एकटक बघत होती.

निघताना तिनं शबनममधून एक घडी घातलेला कागद काढला. "तेव्हाच्या वहीतलं पान आहे. यजमानांच्या हातात द्या, काम सुरू व्हायच्या आत. वाचलं तर ते थांबवतील. मी डाक बंगल्यावर आहे, शनिवारपर्यंत."

"देते," मी म्हणाले.

कागदावर एकोणीस बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी वाहणाऱ्या पाण्यासारख्या, मधे एका ठिकाणी फुगलेल्या. फुगवट्याशी लिहिलं होतं, 'वाकण, सर्व १९. उजव्या हाताला कट्टा.' खाली पेन्सिलीतलं बारीक अक्षर. ते मी वाचलं नाही. कागद जुईच्या जुन्या दुपट्यांच्या ट्रंकेत, अगदी तळाशी घातला. प्रभाकर परत आल्यावर मी त्यांना पिठलं-भात वाढला, प्रवासाची विचारपूस केली, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. सकाळी दोरी मारून सरळ रेघ पाडली. ती आमच्या फाटकापासून चार हातांवरून, बायका वाकायच्या त्या जागेवरून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. कितीतरी आठवड्यांनी मी दुपारी केस विंचरायला बसले. जुई शेजारी बाहुलीला निजवत होती. तार बांधलेली आहे, असं मी धरून चालले होते. ती मी मजुरांना पाणी देताना सोडली होती, हे मला वेणी घालून झाल्यावर आठवलं.

बाहुली होती. जुई नव्हती.

फाटक सताड उघडं. बाहेर आवाज आला, तो मी आजही ऐकते, डंपरचा मागचा फाळका उघडून खडी खाली येतानाचा. मी ओसरीच्या पायऱ्या उतरेपर्यंत पांढरी धूळ उठली होती. धूळ खाली बसली तेव्हा त्या जागेवर माझ्या कमरेएवढा ढीग होता.

"जुई!"

उत्तर आलं नाही. मी ढिगावर जाऊन पडले. दोन्ही हातांनी खडी उपसायला लागले. मजूर पलीकडून भाकरी टाकून धावले, प्रभाकर कुठून तरी ओरडत आले. डंपरवाला खाली उतरून "न्हवतं हो कुनी, म्या आरशात बघितलं, न्हवतं कुनी," एवढंच म्हणत राहिला. फावडी नको, हातानं काढा, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्याचा अर्थ मला कळला. सात-आठ माणसं गुडघ्यांवर बसून खडी बाजूला सारत होती. माझ्या बोटांचं रक्त खडीला लागत होतं. प्रत्येक पांढरा दगड मला तिच्या झबल्यासारखा दिसत होता.

तळ लागला. खाली नुसता माळ होता.

"वसू," प्रभाकर माझे खांदे धरून म्हणाले, "इथं नाहीये ती. ऐक. इथं नाहीये."

"मग कुठंय?"

तेवढ्यात मला बायका आठवल्या. बारा वाजून गेले होते. खडी पडायच्या जरा आधीच त्या इथून गेल्या असणार. मी अनवाणीच गावाकडे पळत सुटले. पहिलंच घर हौसाक्काचं.

जुई तिच्या ओट्यावर बसून दुधात कुस्करलेली भाकरी खात होती.

मी ओट्याशीच तिच्या हातापायांची बोटं नजरेनं मोजली. ती माझ्याकडे बघून हसली आणि दुधाचा घास पुढे केला. हौसाक्का आत चुलीपाशी उभी होती. तिचा डावा हात अजूनही कमरेशी दुमडलेला होता आणि ती त्या हाताकडेच बघत होती.

"ही इथं कशी आली?" मी विचारलं.

"म्या आनली."

"न सांगता? न विचारता?"

"मला कुठं ठावं हुतं, बाय?" ती पहिल्यांदाच मला बाईसाब म्हणाली नाही. "घरात हंडा उतरिवला, तवा बघितलं, कडंवर पोर हाय. वाटंत मागं धडाड आवाज झाला. म्हटलं, खडी वतली आसंल. कडंवर वजन हाय, ह्येबी वाटलं न्हाई. आसतंय तसंच वाटलं."

"असतंय म्हणजे?"

ती हळूहळू चुलीजवळ टेकली. "जुन्या गावात नदीची उतरन लई उभी. कडंवर पोर घिऊन कोन उतरंल? वाटंच्या वळनावर सपाट खडक हुता. समद्या बायका पोरं तितं ठिवायच्या, खाली जाऊन पानी भरायच्या, येताना उचलायच्या. त्येलाच वाकण म्हनायचं. तितं वाकायचं म्हनून."

"कुणाचं मूल कोण उचलायचं?"

"हाताला लागंल ती. डोईवर हंडा, खाली बघता येतंय व्हय? वाकायचं, हात सोडायचा, लागलं पोर की कडंवर घ्यायचं. कुनाचं का आसंना. गावात आल्यावर ज्याचं त्याला." ती थोडी हसली, मग थांबली. "आठरा वर्सं झाली. माझा हात तितं खाली जातुया, ह्ये मला आज कळलं. तू म्हनलीस तवा मला वाटलं, ह्या पुन्याच्या बाईला येड लागलंया."

जुईनं वाटी चाटून पुसून ठेवली.

"पन तू कशापायी घाबरलीस?" हौसाक्कानं विचारलं. "तूच ठिवली हुतीस न्हवं तितं? आयेनं ठिवल्याबगार पोर तितं नसतंय."

मी जुईला उचललं आणि निघाले.

त्या संध्याकाळी ट्रंक उघडून कागद काढला आणि प्रभाकरच्या हातात दिला. "हा परवा आलाय," मी म्हणाले. "मी लपवला होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं, चिडून नव्हे, ओळख नसल्यासारखं. मग कागद उलगडून पेन्सिलीतली ओळ मोठ्यानं वाचली. "'एकोणीस जणी वाकल्या. विचारल्यावर नाकारलं. एक म्हातारी म्हणाली, पोरं घेत्यात. इथं मुलं ठेवायला जागा हवी, आणि रस्त्यानं तिला वळसा घालावा.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "मी हे वाचलं असतं तर खडी पडलीच नसती, वसू."

आम्ही तिघं डाक बंगल्यावर गेलो. तेलंगबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. कागद लपवल्याचं आधी. तिनं मला दोष दिला नाही, की समजूतही घातली नाही. ढिगाबद्दल ऐकताना तिचे हात थांबले, आणि हौसाक्काचं ऐकताना ती खुर्चीत पुढे सरकली.

"कोणत्या हातानं उचललं?"

"अं?"

"हौसाबाईनं. हिला. कोणत्या हातानं?"

"डाव्या. त्या सगळ्याच डावा हात खाली सोडतात. उजवा हंड्याला असतो."

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. मग शबनममधून वही काढून मधलं पान उघडलं, आणि उठून आमच्यासमोर उभी राहिली. "आगाशे, तुम्ही माझ्याकडे चालत या. डोक्यावर हंडा आहे असं समजा."

प्रभाकर ओशाळत दोन पावलं चालले.

"आता डावा हात खाली सोडा."

त्यांनी सोडला.

"माझ्या कुठल्या अंगाला आला?"

"उजव्या."

"उजव्या," ती म्हणाली. "मी समोर उभी होते. हातात वही, त्या माझ्याकडे चालत येत होत्या. मी लिहिलं, उजव्या हाताला. पुढे पुण्यात टेबलावर नकाशा करताना मी कुठं उभी होते तेच विसरले. रस्त्याचं वळण ओरडून सांगत होतं की खडक डावीकडे आहे. माझी वही म्हणत होती उजवीकडे. मी वहीवर विश्वास ठेवला." तिनं वही मिटली. "एकदा जरी त्यांच्याबरोबर चालले असते तर कळलं असतं. किंवा एकदा जरी पोर कडेवर घेतलं असतं तर. तो हात उजवा असूच शकत नाही, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं."

जुई व्हरांड्यात पडलेल्या शेंगांची टरफलं वेचत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरनी काम थांबवलं. खडी बाजूला ओढली. तेलंगबाईनं फक्कीचा डबा मागवला, तळाला भोकं पाडलेला, आणि वाकणाच्या डाव्या अंगाला स्वतः वाकून एक चौकोन आखला. चार हात बाय सहा. बांधकाम नंतर, आधी चालवून बघायचं, म्हणाली. बाराला दहा मिनिटं कमी असताना तिनं मला हाक मारली.

"ठेव हिला यात."

"मी?"

"तूच. आणि हंडा घेऊन नळावर जा. भरून आण. भरलाच पाहिजे."

मी जुईला घट्ट धरलं. आदल्या दिवशी त्या जागेवर मी दगड उपसले होते. "तुम्ही जवळ उभ्या राहाल ना?"

"नाही. मी तुझ्या मागून चालणार आहे. यजमान फाटकात आहेत." मग फक्कीचा डबा खाली ठेवून म्हणाली, "मला सक्ती नाही करता येत, वसुधाबाई."

जुईनं माझ्या खांद्यावरून खाली चौकोनाकडे पाहिलं आणि उतरायला पाय सोडले. मी तिला खाली ठेवलं. ती फक्कीच्या रेघेला न लागता मधोमध जाऊन बसली आणि थोडी बाजूला सरकली, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी.

मी मागं न बघता नळावर गेले. हौसाक्कानं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा चढवला. पाणी हिंदकळून माझ्या मानेवरून पाठीत गेलं. कुणीही हसलं नाही. तिनं बायकांना काय सांगितलं होतं कोण जाणे. त्या एकीमागे एक निघाल्या, त्यांच्या मागं मी, आणि सगळ्यांत शेवटी तेलंगबाई, रिकाम्या हातांची.

पुढे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. डोक्यावर हंडा असला की समोर फक्त दुसऱ्या बाईची पाठ दिसते. ती पाठ खाली जायची, क्षणभर थांबायची, वर यायची. कुणाच्याही कडेवर जुई आली नाही. त्या हात खाली नेत होत्या आणि पुढे जात होत्या. सतरा वेळा. मग माझ्यापुढं कुणी उरलं नाही.

मी गुडघ्यांतून खाली झाले. हात सोडला. आधी काहीच लागलं नाही. मग बोटांना केस लागले, ओले, दाट. जुईचे विरळ आहेत. हात आणखी थोडा पुढे गेला तेव्हा एक छोटी मूठ माझ्या अंगठ्याभोवती घट्ट मिटली. मी उचललं. खाली बघता येत नव्हतं. हौसाक्काच्या दारापर्यंतची ती वाट मी कडेवरचं वजन ओळखायचा प्रयत्न करत चालले. अर्ध्या वाटेवर माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "आई, हंडा गळतोय."

ओट्यावर सगळ्या थांबल्या होत्या. एकीनं माझा हंडा उतरवला. मी पहिल्यांदा खाली पाहिलं. जुईच होती. कोरड्या केसांची. हौसाक्का तांब्या घेऊन आली आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. खडकावरून आणलेल्या पोराच्या पायांवर पाणी घालून मगच घरात घ्यायचं, अशी त्यांची जुनी रीत.

मग सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं.

तेलंगबाई येत होती. सावकाश, एकटी. तिचा डावा हात कमरेशी दुमडलेला होता आणि अंग उजवीकडे कललेलं, डाव्या कडेवर भार असला की कलतं तसं. पदर त्या हाताखाली किंचित ओढला गेला होता. ती ओट्याशी येऊन थांबली. दम लागला होता. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. बावीस गावं आखणाऱ्या बाईचा तो चेहरा नव्हता.

हौसाक्का पुन्हा तांब्या भरून आली, तिच्यापुढं उकिडवी बसली, आणि तिच्या डाव्या कमरेखाली, हवेत, पाण्याची बारीक धार धरली. आधी एका पायासाठी, मग दुसऱ्या.

"आत आन," ती म्हणाली. "भाकरी हाय."